ट्रेडमिलवरचा पारवा

शोधनिबंध काही रसासाठी वाचायचा नसतो, असं आपण धरून चालतो आणि बहुतेक शोधनिबंध आपली ही समजूत इमानेइतबारे खरी ठरवतात. तरी अधूनमधून एखादा असा हाती लागतो की त्याची बांधणी पाहून मान डोलवावी. बॅरी फ्रॉस्ट यांचा कबुतराच्या मानेवरचा निबंध त्यातला. १९७८ साली तो ‘जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बायॉलॉजी’मध्ये आला. फ्रॉस्ट कॅनडातल्या किंग्स्टन शहरी, क्वीन्स विद्यापीठात, डोळा आणि मेंदू यांच्या व्यवहाराचा अभ्यास करत. निबंध पानांनी दहाच्या आतला आणि विषय एवढाच, की चालताना कबूतर मान का हलवतं?

प्रश्न शाळकरी वाटतो आणि उत्तरही जिभेच्या टोकावर असतं: तोल सांभाळायला. आपण चालताना हात पुढेमागे करतो. पाखराचे हात पंखांत गुंतलेले, म्हणून ते मान पुढेमागे करत असेल. टपोरं धड, आखूड पाय, एका वेळी एकच पाऊल जमिनीवर. तेव्हा मानेचा लंबक कामाला येत असणार. हे उत्तर वेडगळ नाही. फ्रॉस्ट यांच्या प्रयोगाची पहिली खुबी अशी, की त्यात या उत्तराला खरं ठरण्याची पुरेपूर संधी मिळते. मग ते ज्या तऱ्हेने पडतं ते पाहण्यात मौज आहे.

पण त्याआधी मान नेमकी काय करते ते पाहायला हवं, कारण आपण रोज पाहतो ते नीट पाहत नाही. पारवा, म्हणजे शहरात माजलेलं आपलं राखी-निळं कबूतर, दादरच्या फलाटावर दाणे टिपत फिरत असेल तर त्याच्या मागचा कठड्याचा एक गज हेरून ठेवावा आणि नजर पक्ष्याच्या डोळ्यावर रोखावी. डोळा गजाशी येतो आणि तिथेच थांबतो. मान थांबते, धड थांबत नाही. पाऊल पडतं, छाती पुढे सरकते, मानेचा बाक आवळत जातो, डोकं मात्र गजाला चिकटवल्यासारखं जागच्या जागी. मग एका हिसक्यात ते पुढच्या गजापाशी जातं आणि पुन्हा गोठतं. म्हणजे मान पुढेमागे होतच नाही. ती पुढे जाते आणि थांबते, पुढे जाते आणि थांबते. मागे येण्याचा भास होतो तो धड पुढे सरकल्यामुळे. नुसत्या डोळ्यांना हे सहसा उमगत नाही, कॅमेऱ्याला उमगलं. अमेरिकेत डनलॅप आणि मोरर यांनी १९३० साली चित्रफितीवरून ते दाखवून दिलं होतं.

एवढं कळलं की लंबकाची उपपत्ती डळमळू लागते. लंबक हेलकावतो, असा मध्येच गोठत नाही. गोठण्यात कोणाचं तरी हित असलं पाहिजे, आणि ते डोळ्याचं असावं अशी शंका येते. डोळ्याच्या पडद्याला प्रतिमा उमटवून घ्यायला थोडा अवधी लागतो. तेवढ्यात दृश्य सरकलं तर सगळं फरपटतं. आपल्यावर ही वेळ आली की आपण बुबुळं फिरवतो. लोकलमध्ये खिडकीशी बसून बाहेर पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांकडे समोरून पाहिलं तर ते दिसतं: बुबुळ एका खांबाला धरून मागे मागे जातं, मग झटक्यात पुढच्या खांबावर उडी घेतं. बघणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. पक्ष्याचे डोळे डोक्याच्या मानाने अवाढव्य, खोबणीत गच्च बसलेले. ते आपल्यासारखे मोकळेपणी फिरत नाहीत. म्हणून आपण जे बुबुळाने करतो ते पारवा मानेने करतो.

ही शंका झाली. पुरावा कसा मिळवायचा? अडचण अशी, की चालणारा पक्षी दोन गोष्टी एकदम करत असतो. त्याचे पाय हलत असतात आणि त्याच्याभोवतीचं जगही मागे सरकत असतं. मान यांतल्या कोणामुळे हलते? दोन्ही कारणं एकमेकांना चिकटलेली, आणि ती सोडवल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. १९७५ साली फ्रीडमन यांनी पाळीव होल्यांवर प्रयोग करून ती एका बाजूने सोडवली होती. त्यांनी पक्ष्याभोवतीचं दृश्य हलवून पाहिलं, आणि मान दृश्याच्या मागे गेली. पाय चालताहेत की नाही याची तिला फिकीर नव्हती. फ्रॉस्ट यांनी गाठ दुसऱ्या टोकाने सोडवली. त्यांनी पारव्याला ट्रेडमिलवर चढवलं.

ही कल्पना सुचली तो क्षण या निबंधाचा प्राण आहे. पारदर्शक भिंतींच्या पेटीत सरकता पट्टा. पट्टा जेवढ्या वेगाने मागे जातो, तेवढ्याच वेगाने पक्षी पुढे चालतो. परिणामी तो चालतो आणि कुठेच जात नाही. पाय, मांड्या, कमर, धड यांची चालण्याची सगळी कसरत जशीच्या तशी चालू. भोवतालची खोली मात्र ठार स्थिर. आता तोलवाल्यांचं म्हणणं खरं असेल तर मान हललीच पाहिजे, कारण तोल सांभाळायची गरज रतीभरही कमी झालेली नाही. उलट पायांखालची जमीनच पळते आहे म्हटल्यावर ती वाढली असेल. आणि डोळेवाल्यांचं खरं असेल तर मान थांबली पाहिजे, कारण सरकणारं जगच उरलेलं नाही.

मान थांबली.

निबंध वाचताना इथे क्षणभर थबकावंसं वाटतं. आकडे मनात येतात ते नंतर. आधी येतं ते चित्र. पारवा झपाझप चालतो आहे आणि त्याची मान ताठ, निश्चल आहे. माणसाच्या वस्तीत पारवे हजारो वर्षं राहत आले. आपल्या देवळांच्या गोपुरांवर, किल्ल्यांच्या कपाऱ्यांत, चाळींच्या कठड्यांवर त्यांच्या पिढ्या गेल्या. आणि तरी असा चालणारा पारवा बहुधा कोणी पाहिला नव्हता. कारण निसर्गात तो दिसणं शक्यच नाही. तो दिसायला पायांखालची जमीन मागे पळावी लागते आणि भिंतींनी जागा सोडता कामा नये. ओळखीची वस्तू अनोळखी करून दाखवणं ही कवीची कला, असं आपण म्हणतो. इथे ते एका प्रयोगशाळेने केलं, तेही नवं काही न घालता, फक्त एक गोष्ट काढून घेऊन. भोवतालचं सरकणं वजा केलं, बाकी सगळं राहू दिलं. चांगल्या प्रयोगाची आणि चांगल्या कवितेची काटकसर सारखीच असते. जो शब्द काढला तरी चालतं तो काढायचा, आणि जो काढल्यावर सगळं कोसळतं तो कोणता हे वाचकाला दाखवायचं.

या निबंधात आणखी एक प्रसंग आहे, आणि मला तो मुख्य प्रयोगाइतकाच मोलाचा वाटतो. तो कोणी आखलेला नव्हता. ट्रेडमिल बंद झाली असं वाटलं, पण पट्टा पुरता थांबलेला नव्हता. अगदी संथ, जाणवू नये इतका संथ सरकत होता. वर पारवा उभा होता. चालायचं काही कारण नव्हतं, तेव्हा तो चालला नाही. पाय पट्ट्याबरोबर हळूहळू मागे जाऊ लागले. डोकं मात्र जिथे होतं तिथेच राहिलं, कारण डोक्याने खोलीशी बांधून घेतलं होतं. धड मागे चाललं आणि मान लांब होत गेली, आणखी लांब झाली, आणि अखेर पारव्याचा तोल गेला.

हसू येतं, आणि हसू ओसरल्यावर ध्यानात येतं की पारव्याने यात चूक काहीच केलेली नाही. डोकं स्थिर ठेवायचं हा त्याचा नियम त्याने शेवटपर्यंत पाळला. ज्या युक्तीने तो हलत्या जगात नीट पाहू शकतो, त्याच युक्तीने त्याला पाडलं. मान तोलासाठी हलते असं मानणाऱ्यांना याहून कठोर उत्तर काय देणार? इथे मानेने तोलाचा बळी देऊन नजर राखली. ठरवून केलेल्या प्रयोगाने एवढंच सांगितलं होतं की मान हलण्यामागे डोळा आहे. या अपघाताने दोघांतला मानकरी कोण तेही सांगून टाकलं.

पण मग पारव्याचा कान काय करत होता? तोलाचं अवयवशास्त्र कानाशिवाय पुरं होत नाही, आणि गंमत अशी की त्याची पहिली पानंही कबुतरांनीच लिहिली आहेत. रक्ताने लिहिली आहेत. १८२० च्या दशकात पॅरिसमध्ये पिएर फ्लुरांस यांनी कबुतरांच्या आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका एकेक करून कापल्या. ऐकू येणं गेलं नाही. पक्ष्याचा तोल गेला. आडवी नलिका कापली की डोकं आडवं हेलकावे घेई, उभी कापली की वर-खाली. प्रत्येक कानात अशा तीन नलिका, एकमेकींशी जवळजवळ काटकोनात. डोकं वळलं की आतला द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून वळण्याची खबर मेंदूला जाते. शेजारच्या कोशांमध्ये चुन्याचे सूक्ष्म कण असतात. ते कलण्याची आणि सरळ रेषेतल्या धक्क्याची खबर देतात.

मात्र या यंत्रणेला बदल कळतो, संथ एकसारखी गती कळत नाही. आपल्यालाही ती कळत नाही. फलाटावर शेजारची गाडी हलली तरी आपलीच निघाली असं वाटतं ते त्यामुळेच. सरकत्या पट्ट्यावरच्या पारव्याचं डोकं तर हललंच नव्हतं. कानाच्या लेखी काही घडत नव्हतं, डोळ्याच्या लेखी जग जागच्या जागी होतं. सगळ्या साक्षी ठीक आणि पाय मात्र परगावी निघालेले! अपघाताचा मी लावतो तो अर्थ असा: वरच्या कचेरीत सगळं आलबेल होतं आणि खालची बातमी वर पोहोचेपर्यंत फार उशीर झाला.

खालची बातमी देणारं पक्ष्याच्या अंगात स्वतंत्र काही असावं, अशी एक उपपत्ती पुढे आली. जर्मनीतल्या बोखुम इथे राइनहोल्ड नेकर यांनी पक्ष्यांच्या कमरेजवळच्या पाठीच्या कण्याचा बारकाईने अभ्यास केला. तिथे कण्याची पोकळी रुंद होते, तिच्या दोन्ही बाजूंना द्रवाने भरलेल्या नळ्या असतात आणि मज्जारज्जूच्या कडेला छोट्या गाठी. रचना पाहून आतल्या कानाची आठवण यावी. कबुतरांच्या या भागातला द्रव निघून गेल्यावर त्यांना चालणं आणि दांडीवर बसणं जड गेलं, उडणं मात्र जमलं. त्यावरून नेकर यांनी असं सुचवलं की पक्ष्यांना तोलाची दोन इंद्रियं असावीत: उडण्यासाठी डोक्यातलं, चालण्या-बसण्यासाठी कमरेतलं. फ्रॉस्ट यांच्या निबंधाशेजारी ठेवून वाचली की ही उपपत्ती अधिक खुलते. ज्या प्राण्याचं डोकं धडापासून इतकं सुटं वागतं, त्याला धडाचा हिशेब धडापाशीच ठेवणं भाग आहे.

हाच सुटेपणा २०१३ साली जगभर गाजलेल्या एका जाहिरातीचा विषय झाला. मर्सिडीझने आपल्या गाडीच्या नव्या सस्पेन्शनसाठी एक छोटी फिल्म केली. तीत गाडी नव्हती, कोंबड्या होत्या. पडद्यावर कोंबडी आणि तिला दोन्ही बाजूंनी धरलेले हात, मागे डायना रॉसचं ‘अपसाइड डाउन’. हात कोंबडीला वर नेतात, खाली नेतात, डावी-उजवीकडे झुलवतात, ठेक्यावर नाचवतात. कोंबडीचं डोकं अधांतरी एका बिंदूवर खिळलेलं. चेहऱ्यावर तीच कोंबडीची कायमची नाराजी. जाहिरात म्हणून ती अप्रतिमच. पण दावा आणि दाखला यांच्यात एक मजेदार फट आहे. गाडीचं वचन असं, की रस्ता कसाही असो, अख्खी केबिन स्थिर राहील. कोंबडी तसलं काही वचन देत नाही. ती धड बेलाशक हातांच्या हवाली करते, नाचवा म्हणते. राखते ते फक्त डोकं. गाडी सगळं वाचवू पाहते आणि कोंबडी एकच गोष्ट वाचवते. जग्वार कंपनीने लवकरच उत्तरादाखल जाहिरात काढली. तीत कोंबडी मांजरकुळातल्या त्या मोठ्या भावाच्या पोटात जाते. स्थिर डोक्याने दिसतं खूप, पण ज्याने धरून ठेवलंय त्याच्यापासून सुटका होत नाही, हा त्या विनोदातला न लिहिलेला टोला.

माणसाचे हात काय किंवा प्रयोगशाळेचा पट्टा काय, दोन्ही पाखरासाठी उपरे. रानात हलणारी जमीन म्हणजे वाऱ्यातली फांदी, पाण्यावर झुकलेला बोरू, म्हशीची पाठ. बगळ्यांची शिकार तर नजर आणि चोच यांच्या अंतराच्या हिशेबावर चालते. फांदी झुलली आणि डोकंही झुललं तर मासा गेला. गादी कात्झिर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली चार जातींच्या बगळ्यांचा याच अंगाने अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत आपल्याकडेही दिसणारे छोटा बगळा, गायबगळा आणि रातबगळा होते. बसायची दांडी यंत्राने हलवायची आणि डोकं किती हलतं ते मोजायचं. बगळ्याची लांब मान आणि लांब पाय हे दोन्ही मिळून दांडीचे हेलकावे गिळतात आणि डोक्यापर्यंत पोचू देत नाहीत. आपल्या माळरानावर कापशी घार हवेत एका जागी फडफडत उभी राहते तेव्हाही हेच चाललेलं असतं, फक्त तिच्या पायांखाली फांदीसुद्धा नसते. पंख, शेपटी, धड यांची वाऱ्याशी झटापट. आणि त्या झटापटीच्या टोकाला खालच्या गवतातल्या उंदरावर रोखलेले दोन स्थिर डोळे.

या सगळ्यांना एका माळेत ओवणारं सूत्र फ्रॉस्ट यांच्या पट्ट्यावर पहिल्यांदा इतकं उघडं पडलं, म्हणून तो निबंध मला थोर वाटतो. तोल सांभाळणं म्हणजे न हलणं, ही आपली कल्पना पुतळ्यावरून घेतलेली आहे. जिवंत प्राणी सगळंच्या सगळं स्थिर ठेवायच्या फंदात पडत नाही. तो एक गोष्ट निवडतो, तिला जपतो आणि तिच्यापायी बाकीच्या अंगाला हवं तसं हलू देतो. माणूस बुबुळ निवडतो: डोकं हललं की सेकंदाच्या शंभराव्या भागात बुबुळ उलट फिरतं, म्हणून चालता चालता दुकानाच्या पाट्या वाचता येतात. पारवा आणि बगळा अख्खं डोकं निवडतात. निवड शरीराच्या घडणीवर ठरते, आणि तिची किंमत असते. पट्ट्यावरच्या पारव्याने ती किंमत चुकती केली.

निबंधाला मर्यादा आहेत. कबुतरापलीकडे तो फारसा पाहत नाही. चिमणी टुणटुण उड्या मारते, बदक मान न हलवता डुलत चालतं; त्यांनाही पाहायचं असतंच, मग त्यांचं कसं भागतं, याचं उत्तर इथे मिळत नाही. मान पुढे झेपावते त्या क्षणी पक्ष्याला काय दिसतं, जवळ-दूरचा अंदाज त्याला त्या झेपेतूनच मिळतो का, हाही धागा पुढच्यांसाठी उरला. आणि एक शंका तर निबंधाच्या गाभ्यालाच हात घालते. मान ‘स्थिर’ राहते म्हणजे किती स्थिर? १९७८ च्या फिल्मवरून मोजताना बारीकसारीक हालचाल निसटली नसेल कशावरून?

ही शंका घेऊन पुढे आले ते खुद्द फ्रॉस्ट. निकोलाउस ट्रोये यांच्याबरोबर त्यांनी २००० साली त्याच नियतकालिकात दुसरा निबंध लिहिला, आणि त्याचं शीर्षकच हा प्रश्न होता: थांबलेली मान कितपत थांबलेली असते? मोजमापाची साधनं आता कितीतरी नेमकी झाली होती. उत्तर आलं ते जुन्या निबंधाच्या बाजूने: मान खरोखरच थांबते. मान्यता पावलेल्या, पाठ्यपुस्तकांत गेलेल्या निष्कर्षातला सर्वांत सोपा, कुणालाही न खटकलेला शब्द बावीस वर्षांनी उचलून पुन्हा तराजूत टाकणं ही शास्त्रज्ञाची सचोटी तर आहेच, शिवाय ती वाचकाचीही गुणवत्ता आहे. रसग्रहण करणाऱ्याने मूळ लेखकाच्या पुढे एखादं पाऊल टाकावं अशी अपेक्षा असते. या निबंधाच्या बाबतीत ते पाऊल लेखकाने स्वतःच टाकून ठेवलं आहे.